जन्माची खूण सांगणारी नावे

हिब्रू धर्मग्रंथात मूल जन्मल्याची बातमी सहसा एकटी येत नाही. तिच्यामागोमाग नाव येते आणि नावामागोमाग ते का ठेवले याचे कारण. बाळंतीण काही बोलते, त्या बोलण्यातला एखादा शब्द उचलून बाळाला दिला जातो, आणि पुढे ते मूल राजा होवो, संदेष्टा होवो की साधा मेंढपाळ राहो, आईचे ते बोलणे जन्मभर त्याच्यासोबत राहते. ही नावे शेकडो वर्षांपूर्वी उत्तर कोकणात पोचली. अलिबाग-पेणच्या बेने इस्राएल ज्यूंनी ती जपली, कोकणी मुसलमानांनी अरबी रूपात आणली आणि वसईच्या ख्रिस्ती घरांत ती पोर्तुगिजांमार्फत आली. याच किनाऱ्यामागच्या डोंगरात, जव्हार आणि मोखाड्याच्या पाड्यांवर, जन्माच्या वेळेवरून नाव ठेवण्याची रीत हिब्रू ग्रंथाशी कसलाही संबंध नसताना आपली आपण वाढली. या दोन रितींमध्ये नाते शोधायला जाऊ नये, ते नाही. पण एक दुसरीशेजारी ठेवली की दोन्ही अधिक स्पष्ट दिसतात.

हिब्रू नाव बहुधा छोटे वाक्य असते. त्यात क्रियापद असते आणि कर्ता म्हणून देव असतो: कधी ‘एल’ या रूपात, कधी ‘याह्वे’ या देवनामाच्या ‘या’ किंवा ‘याहू’ या रूपात. इश्माएल म्हणजे देव ऐकतो. यहेज्केल म्हणजे देव बळ देतो. एलीया म्हणजे याह्वे हाच माझा देव. काही नावे साधी, रानातली आहेत: राहेल म्हणजे मेंढी, दबोरा म्हणजे मधमाशी, योना म्हणजे पारवा, सिप्पोरा म्हणजे पक्षीण, तामार म्हणजे खजुराचे झाड. ग्रंथाला विशेष प्रिय आहेत ती मात्र जन्मप्रसंगातून आलेली नावे. वयाच्या नव्वदीत मूल होणार हे ऐकून सारा हसली. तिच्याआधी शंभरीला टेकलेला अब्राहामही हसला होता. मुलाचे नाव पडले इसहाक, म्हणजे ‘तो हसतो’. सारेची दासी हागार छळाला कंटाळून रानात पळाली, तिथे देवदूताने तिचा आक्रोश ऐकला गेल्याचे सांगितले आणि पोटातल्या मुलाचे नाव इश्माएल ठेवायला लावले. एकाच घरातले हे दोन मुलगे. एकाच्या नावात हसू, दुसऱ्याच्या नावात आईचे रडणे ऐकले गेल्याची साक्ष.

उत्पत्तीच्या पुस्तकातला एकोणतिसावा आणि तिसावा अध्याय म्हणजे नावांतून सांगितलेली आवडती-नावडतीची कहाणी आहे. याकोबाचे प्रेम राहेलवर. सासऱ्याने फसवून आधी थोरली लेआ त्याच्या गळ्यात बांधली, मग राहेल दिली. राहेल वांझ राहिली, लेआला मुलगे होत गेले. पहिल्या वेळी लेआ म्हणाली की देवाने माझे दुःख पाहिले, आता नवरा माझ्यावर माया करील. मुलाचे नाव रऊबेन, ‘पाहा, मुलगा’. दुसऱ्या वेळी म्हणाली की मी नावडती आहे हे देवाच्या कानी गेले, शिमोन, ऐकण्यावरून. तिसऱ्या वेळी, आता तरी नवरा माझ्याशी जोडला जाईल; लेवी, जोडण्यावरून. चौथ्या मुलाच्या वेळी मात्र तिच्या बोलण्यात नवरा नाहीच. आता मी परमेश्वराची स्तुती करीन, एवढेच ती म्हणते आणि मुलाला यहूदा म्हणते. एका बाईच्या मनाची काही वर्षांची वाटचाल चार नावांत मावली आहे. तिच्यासाठी वेगळा परिच्छेद लिहिण्याची ग्रंथकाराला गरज वाटलेली नाही.

मग राहेलने आपली दासी बिल्हा नवऱ्याला दिली. तिच्या पोटी दान झाला, ‘न्याय’, आणि नफताली, ‘झुंज’. झुंज अर्थातच बहिणीशी. लेआनेही आपली दासी जिल्पा दिली. तिला गाद झाला, ‘भाग्य’, आणि आशेर, ‘आनंद’. रऊबेनने शेतातून आणलेली पुत्रदा मुळी राहेलला हवी होती. त्यांच्या बदल्यात लेआने नवऱ्याची एक रात्र मिळवली, आणि त्यातून झालेल्या मुलाला नाव दिले इस्साखार, मोल किंवा मजुरी या अर्थाचे. लेआला मुलगी झाली तेव्हा मात्र दीना एवढे नाव येते आणि कारण येत नाही. बारा मुलग्यांच्या नावांचे खुलासे देणारा ग्रंथ लेकीपाशी गप्प होतो, ही उणीव नजरेआड करण्यासारखी नाही. शेवटी राहेलची कूस उजवली. तिने मुलाला योसेफ म्हटले, ‘आणखी एक देवो’. देवाने आणखी एक दिला, पण बेथलेहेमच्या वाटेवर त्याला जन्म देताना ती गेली. प्राण जाताना तिने त्याला बेन-ओनी म्हटले, माझ्या दुःखाचा पुत्र. याकोबाने ते नाव राहू दिले नाही. त्याने बन्यामीन केले: उजव्या हाताचा पुत्र.

ग्रंथातले हे खुलासे व्याकरणाच्या काट्यावर तोललेले नाहीत. ते ध्वनीच्या जवळिकीवर चालतात. फारोच्या मुलीने बाळाला पाण्यातून ओढून काढले म्हणून मोशे, असे निर्गमाचे पुस्तक सांगते. अभ्यासकांना त्या नावात ‘जन्मलेला’ या अर्थाचा इजिप्ती शब्द दिसतो. हन्नाने देवाकडे मागून घेतला म्हणून शमुवेल, पण मागण्याचा धातू शमुवेलापेक्षा शौल या नावाला अधिक चपखल बसतो. त्यामुळे खुलासे खोटे ठरत नाहीत. ते नावाची फोड सांगण्यासाठी नाहीतच. त्या दिवशी त्या घरात काय घडले, हे सांगण्यासाठी ते आहेत. म्हणूनच परक्या देशात गेलेल्यांच्या मुलांची नावेही तितकीच बोलकी आहेत. मिद्यानात आसरा घेतलेल्या मोशेने थोरल्याला गेर्षोम म्हटले, कारण आपण इथे परके आहोत. इजिप्तमध्ये वैभवाला चढलेल्या योसेफाने एका मुलाला मनश्शे म्हटले, विसरण्यावरून, तर दुसऱ्याला एफ्राईम, फळण्यावरून.

ही नावे कोकणात प्रथम कोणी आणली, या प्रश्नाला बेने इस्राएल समाजाची परंपरा एका जहाजाच्या कथेने उत्तर देते. अलिबागजवळ नवगाव किनाऱ्यापाशी जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, धर्मग्रंथ समुद्रात गेले. उरले ते तोंडपाठ असलेले ‘शेमा’, म्हणजे देव एकच आहे असे सांगणारे वचन, मुलग्यांची सुंता, शनिवारचा विसावा आणि काही नावे. पिढ्यान्‌पिढ्या हे लोक तेलाचे घाणे चालवत राहिले. शनिवारी घाणा बंद म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटले. जिथे स्थिरावले त्या गावाला ‘कर’ जोडून आडनावे झाली: केहीमचे केहिमकर, दिव्याचे दिवेकर, पेणचे पेणकर, झिराडचे झिराडकर, रोह्याचे रोहेकर. अशी आडनावे शंभराहून अधिक आहेत.

ग्रंथ हाताशी नसताना नावे मात्र कानावर टिकली, आणि कानावर टिकताना ती मराठी वळणाची झाली. शमुवेलचा सामाजी झाला, यहेज्केलचा हसाजी, इसहाकचा इसाजी, अब्राहामचा अबाजी, मोशेचा मुसाजी. पहिल्या दोन नावांत काय घडले ते पाहण्यासारखे आहे. मूळ नावांच्या शेवटी ‘एल’ आहे, म्हणजे देव. कोकणातल्या रूपांत तोच शेवट गळाला आणि त्याच्या जागी मराठीतला आदराचा ‘जी’ आला. वाक्यातला कर्ता गेला, वाक्य मोडले. नाव मात्र राहिले. सामाजीच्या आईला हन्नाची गोष्ट ठाऊक असण्याचे कारण नव्हते, तरी तिने मुलाला तेच नाव दिले, कारण ते आजोबांचे होते. अर्थ हरवल्यावरही एखादा समाज केवळ उच्चाराच्या आधारावर किती काळ तग धरतो, याचे यापेक्षा ठळक उदाहरण महाराष्ट्रात सापडणे कठीण.

हिब्रू नाव सुंतेच्या वेळी ठेवले जाई. जन्मानंतर आठव्या दिवशी बाळाला आणले जाते. दोन खुर्च्या मांडलेल्या असतात. त्यांतली एक संदेष्टा एलीया याच्यासाठी, आणि ती रिकामी ठेवायची असते. मनुका भिजवून केलेल्या रसावर आशीर्वाद म्हणतात, मग अमुक ‘बेन’ अमुक, म्हणजे अमक्याचा मुलगा तमका, असे नाव उच्चारले जाते. बापाचे नाव मधे घेण्याची मराठी रीत या ‘बेन’शी सहज जुळली, सामाजी हसाजी दिवेकर या तीन शब्दांत हिब्रू वंशावळ आणि कोकणातले गाव शेजारी बसले. याखेरीज दुसरे, आसपासच्या हिंदू घरांत चालणारे नावही असे. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन यांनी नोंदवले की हिब्रू नाव सुंतेला मिळते आणि हे दुसरे नाव साधारण महिन्याभराने. बापूजी हे त्यातलेच एक. बायकांची नावे बरीचशी इथलीच असत, त्यांना ‘बाई’ जोडलेले असे.

एलीयावर या समाजाची विशेष भक्ती. अलिबाग तालुक्यातल्या खंडाळ्याजवळ एका कातळावरच्या खुणा त्याच्या रथाच्या मानल्या जातात, आणि नवस फेडताना पोहे, नारळ, गूळ आणि फळांचा मलिदा करून त्याचे नाव घेतात. ज्या संदेष्ट्याचे अख्खे नाव म्हणजे ‘याह्वे हाच माझा देव’ हे वाक्य, त्यालाच या लोकांनी घरचा मानले, यात मोठे औचित्य आहे.

हरवलेले अर्थ परत येण्याला सुरुवात अठराव्या शतकाच्या अखेरीस झाली. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला सामाजी हसाजी दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून मुंबईला परतला. १७९६ मध्ये त्याने शहरातले बेने इस्राएलांचे पहिले सिनेगॉग, शाआर हारहामीम, बांधले. इंग्रजी कागदांत तो सॅम्युएल इझिकेल आहे आणि मांडवीतल्या सॅम्युएल स्ट्रीटला त्याचेच नाव आहे. कोचीनहून आलेल्या ज्यू गुरूंनी प्रार्थना शिकवल्या. त्यांच्या आणि पुढे बगदादी ज्यूंच्या सहवासाने शालोम, हाईम, निस्सीम, रहामीम अशी नावे रुळली. त्यांचे अर्थ अनुक्रमे शांती, आयुष्य, चमत्कार आणि करुणा. अमेरिकन मिशनने १८१३ नंतर मुंबईत आणि कोकणात शाळा काढल्या. बेने इस्राएल मुले तिथे शिकली, काही शिक्षकही झाले. विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. वल्हांडणाच्या रात्री वाचायचा हग्गादा १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह छापला गेला आणि संपूर्ण बायबल १८४७ पर्यंत मराठीत आले. धर्मांतर घडवण्याचा मिशनऱ्यांचा हेतू या समाजात फारसा साधला नाही, पण त्यांनी दिलेल्या अक्षरांनी सामाजीच्या वंशजांना शमुवेलची गोष्ट परत मिळवून दिली.

पुढचे काम समाजातल्याच माणसांनी केले. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत समाजाची शाळा काढली. तीच पुढे सर एली कदूरी स्कूल म्हणून प्रसिद्ध झाली. समाजाचा इतिहासही त्यांनी लिहिला, जो त्यांच्या पश्चात १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेला. १८८० च्या सुमारास बेने इस्राएलांनी कीर्तनाची मराठी परंपरा उचलली. पूर्वरंग, उत्तररंग, ओव्या, साक्या, सगळे तेच. आख्यान मात्र अब्राहामाचे, योसेफाचे, मोशेचे. मिशनच्या शाळेत अर्थ वाचायला मिळाला, पण तो घराघरांतल्या बायकांपर्यंत नेला तो कीर्तनांनी, असे म्हणायला हरकत नाही. इसहाक म्हणजे हसू हे ऐकत हसणारे श्रोते मराठीतच हसत होते.

अर्थ परत आला तो नव्या उच्चारासह. पलटणीच्या नोंदी आणि इंग्रजी शाळा यांच्यामुळे सामाजीचा सॅम्युएल झाला, हसाजीचा इझिकेल, अबाजीचा अब्राहाम. मुलींनाही आता धर्मग्रंथातली नावे मिळू लागली. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. जेरुशा झिराड यांना १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली. यरूशा हे राजा योथामच्या आईचे नाव, आणि त्यात वारशाचा अर्थ आहे. कवी निस्सीम इझिकेल (१९२४–२००४) यांच्या नावात चमत्कार आहे आणि आडनाव झालेल्या पूर्वजाच्या नावात देवाचे बळ. १९४८ नंतर सुमारे वीस हजारांच्या या समाजातले बहुतेक लोक हळूहळू इस्राएलला गेले. तिथे पहिले नाव पुन्हा मूळ हिब्रू उच्चाराने घेतले जाऊ लागले आणि पेणकर, दिवेकर ही आडनावे तशीच राहिली. तिथून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही निघत आले आहे.

इतर दोन वाटांचा उल्लेख थोडक्यात पुरे. कोकणी मुसलमानांकडे हीच नावे कुराणातून आली: इब्राहिम, इस्माईल, याकूब, युसूफ, मुसा, दाऊद, सुलेमान, मरियम. बेने इस्राएलांच्या जुन्या मुसाजी-दाऊद या रूपांवर याच शेजाराची छाप दिसते. वसईत पोर्तुगीज सत्ता १५३४ पासून १७३९ पर्यंत, चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकेपर्यंत, टिकली. त्या दोन शतकांत बाप्तिस्म्याबरोबर मिळालेली नावे पोर्तुगीज होती, पण त्यांच्या तळाशी हिब्रूच होते: जुआंव म्हणजे योहानान, ‘याह्वे कृपाळू आहे’, मिगेल म्हणजे मीखाएल, ‘देवासारखा कोण’, आना म्हणजे शमुवेलची आई हन्ना, मानुएल म्हणजे इम्मानुएल, ‘देव आम्हांबरोबर’. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले मराठी बायबल त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना ‘सुबोध बायबल’साठी साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. वसई आज ज्या जिल्ह्यात आहे, त्याच पालघर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जव्हार आणि मोखाडा आहेत.

हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर वसलेले. नाचणी, वरई आणि पावसाळी भाताची शेती. दर दहा माणसांत नऊ आदिवासी. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी या इथल्या मुख्य जमाती. बाळंतपणाला सुईण, पाचव्या दिवशी पाचवीची पूजा, आणि नाव ठेवताना पहिला प्रश्न: मूल कोणत्या वारी झाले? सोमवारी झाले तर सोम्या किंवा सोमा, मंगळवारी मंगळ्या, बुधवारी बुध्या, शुक्रवारी सुकऱ्या. मुलगी असेल तर सोमी, मंगळी, बुधी, सुकरी. पंचांग पाहून जन्मनक्षत्राचे अक्षर काढणारा ब्राह्मण इथे लागत नाही. ज्यांच्याकडे लिहिलेली जन्मतारीख नव्हती त्यांच्याकडे वार होता, आणि आठवडी बाजारामुळे तो सर्वांना ठाऊक असे. डहाणू तालुक्यातले थोर वारली चित्रकार जिव्या सोमा मशे (पद्मश्री, २०११) यांच्या वडिलांचे नावही याच कुळीतले. एका पाड्यावर चार मंगळ्या असले तरी अडत नाही. बापाच्या किंवा घराच्या खुणेने ते वेगळे ओळखले जातात.

हिब्रू ग्रंथातही या जातीची नावे आहेत, फक्त थोडी. एज्राच्या पुस्तकात शब्बथई नावाचा लेवी येतो. त्याचे नाव शब्बाथाचे, म्हणजे शनिवारच्या विसाव्याचे. संदेष्टा हाग्गय याचे नाव सणाचे, बहुधा सणाच्या दिवशी जन्मल्याचे. हिब्रूत वारांची नावे नाहीत. पहिला दिवस, दुसरा दिवस असे मोजत जातात आणि नाव फक्त सातव्याला, शब्बाथाला आहे. म्हणून तिथे वाराचे एकच नाव घडू शकले. जव्हारच्या पाड्यावर सातही वारांना नावे असल्याने मुलांनाही वारागणिक नाव मिळाले. आणि मधल्या किनाऱ्यावर एक अख्खी जमात शनिवारच्या नावाने ओळखली गेली.

नाव ठेवण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नालाही जव्हारच्या इतिहासात उत्तर आहे. जव्हारचे मुकणे घराणे महादेव कोळ्यांचे. परंपरेनुसार जयबा मुकणे यांनी चौदाव्या शतकाच्या आरंभी राज्य उभारले. त्यांचा मुलगा धुळबाराव याला दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली आणि नीमशहा हा किताब दिला. ५ जून १३४३ चा तो दिवस घराण्याला एवढा मोलाचा वाटला की तिथून जव्हारची स्वतंत्र कालगणना सुरू झाली. पुढच्या राजांच्या नावांतही ‘शहा’ राहिले: विक्रमशहा, पतंगशहा. हिब्रू ग्रंथातही सत्ता असेच नाव देते. फारोने योसेफाला दुसरा अधिकारी नेमले तेव्हा त्याला सापनाथ-पानेह हे इजिप्ती नाव दिले. बाबेलच्या दरबारात दानीएलाचा बेल्टशस्सर झाला. फरक उरला तो मागे. मुकण्यांनी दिलेले नाव वंशाचे भूषण केले. दानीएलाच्या पुस्तकाने मात्र दरबारी नाव नोंदवूनही त्याला शेवटपर्यंत दानीएलच म्हटले, ‘देव माझा न्यायाधीश’.

दुःखातून पडलेली नावे दोन्हीकडे आहेत, आणि इथे तुलना सर्वांत खोल जाते. मुले जगत नसतील तर महाराष्ट्रात पुढच्या मुलाला धोंडू, दगडू, कचरू, भिकू म्हणायची रीत सर्व जातींत होती. मृत्यूला आणि दृष्टीला ते मूल क्षुल्लक वाटावे, हा हेतू. ज्यूंच्या पुढच्या काळातल्या रिवाजात अशा वेळी उलटी वाट धरली जाते: आजारी मुलाचे नाव बदलून हाईम, ‘आयुष्य’, ठेवतात. एक रीत मूल लपवते, दुसरी उघडपणे मागते. धर्मग्रंथातल्या काही आयांनी तर दुःख जसेच्या तसे मुलाला दिले. नवरा युद्धात पडल्याची आणि सासराही गेल्याची बातमी येताच प्रसूत झालेल्या एका स्त्रीने मुलाला ईखाबोद म्हटले, ‘वैभव कुठे?’. याबेसच्या आईने वेदनेवरून त्याचे नाव ठेवले. त्या मुलाने मोठेपणी देवाकडे मागितले ते हेच, की आपल्या वाट्याला वेदना न येवो. आणि होशेय संदेष्ट्याच्या घरी जन्मलेल्या मुलीचे नाव होते लो-रुहामा: जिच्यावर दया नाही ती.

लो-रुहामाची बहीण महाराष्ट्रातही आहे. मुलगा हवा असताना मुलीमागून मुलगी झाली की तिला नकोशी, नकुसा म्हणण्याची चाल अनेक गावांत होती. होशेयच्या पुस्तकात तेच नाव पुढे फिरवले जाते. ‘लो’ हा नकार काढून टाकला जातो आणि रुहामा, दया झालेली, एवढे उरते. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. आपले नवे नाव मुलींनी स्वतः निवडले, ही त्या समारंभातली सर्वांत मोलाची गोष्ट. राहेलच्या बाळाला आणि होशेयच्या मुलीला ती मिळाली नव्हती.

जव्हार-मोखाड्यात वारांची नावे आता वडीलधाऱ्यांच्या पिढीत अधिक सापडतात. आश्रमशाळा, दवाखान्यातली बाळंतपणे, जन्मदाखला आणि आधारकार्ड यांच्याबरोबर तारीख लिहून ठेवली जाऊ लागली आणि वार सांगण्याचे काम नावाकडे राहिले नाही. लहान मुले राहुल, सचिन, पूजा, कविता अशी आहेत, राज्यात इतरत्र असतात तशीच. दानीएलाला दरबारात एक आणि घरी दुसरे नाव होते, हदस्सा राजवाड्यात एस्तेर झाली, कोकणातला सामाजी इंग्रजी कागदावर सॅम्युएल झाला. डोंगरातही जुन्या माणसांची दोन नावे असतात: शाळेच्या दाखल्यावर मंगेश, पाड्यावर मंगळ्या. जनगणनेत आणि मतदारयादीत त्यांतले पहिले जाते.